पिठातली अक्षरे

वच्छलाचे लग्न झाले ते साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. मित्रांनो, माझा जन्मही त्याच वर्षीचा, म्हणून माझे वय मला वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. त्या लग्नात वच्छलाला तिच्या मामाने, नानाजींनी, पितळेची परात दिली होती. ती मी.

भंडाऱ्याच्या एका कारागिराने मला ठोकून घडवले. त्याच्या हातोडीच्या खुणा माझ्या पाठीवर अजून आहेत. तिथून मी नागपूरला आले आणि इतवारीच्या भांडे ओळीतल्या एका दुकानात टांगून राहिले. नानाजींनी मला खाली उतरवून बोटाने वाजवून पाहिले. आवाज पटला, तेव्हा ते दुकानदाराला म्हणाले, हिच्यावर नाव टाका. दुकानातला माणूस मला मांडीवर आडवी धरून बसला आणि छिन्नीने टिंब टिंब करत त्याने माझ्या काठावर लिहिले, 'चि. सौ. कां. वच्छला हिस मामांकडून सप्रेम भेट'. लग्नातल्या भांड्यावर नाव टाकण्याची आमच्याकडे रीतच आहे. भांडे कुणाकडे कार्याला गेले तरी नाव पाहून आपल्या घरी परत येते. माझ्या अंगावरची ती पहिली अक्षरे. त्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. आणि जिचे नाव होते, तिलाही ते वाचता येत नव्हते.

वच्छलाचा नवरा कवडू कळमन्याच्या बाजारात हमाली करायचा. वच्छला त्याच बाजारात धान्य चाळायला जायची. घर बाजाराजवळच्या वस्तीत होते, दोन खोल्यांचे. तिथे मी सगळी कामे केली. सकाळ-संध्याकाळ माझ्यात कणीक भिजायची. दुपारी माझ्यात तूर निवडायची. शेजारी लग्न निघाले की नवरदेवाचे पाय धुवायला मलाच नेत. कार्य झाल्यावर दहा घरच्या पराती एकावर एक रचलेल्या असत. बाकीच्या बाया कुणाला तरी नाव वाचायला लावत. वच्छला माझा काठ बोटाने चाचपायची आणि ती टिंबे हाताला लागली की मला उचलून कडेवर घ्यायची. चिंच आणि राख लावून तिने मला घासले की मी सोन्यासारखी दिसते असे बाया म्हणत. मला ते खरे वाटायचे.

लग्नानंतर तीन वर्षांनी दामिनी झाली. तीच एक. दामिनी शाळेत जाऊ लागली तेव्हा तिच्या बाईंनी सांगितले की घरी आईने रोज अभ्यास घ्यावा. त्या दिवशी संध्याकाळी वच्छला कणकेला बसली. तिने माझ्यात पीठ घेतले, पाणी घेतले आणि पाणी न ओतता तशीच बसून राहिली. मग तिने पोरीला हाक मारली. कोरडे पीठ हाताने सारखे केले आणि म्हणाली,

"आज काय शिकवलं वं बाईनं? इथी काढून दाखव."

दामिनीने बोटाने पिठात एक अक्षर काढले. तो 'म' होता.

"हे काय हाय?"

"तुले नाही येत?"

"मले कोणं शिकवलं? तू शिकव."

मित्रांनो, त्या घरातली शाळा अशी सुरू झाली. आई विद्यार्थी आणि लेक बाई. दामिनी हातात लाटणे घेऊन उभी राहायची. आईचे बोट वाकडे गेले की म्हणायची, "लक्ष कुठी हाय तुह्यं? उद्या पालकाले घेऊन ये." वच्छला खाली मान घालून म्हणायची, "पालक बाजारात गेले, बाई." कवडू दारात बसून हसायचा. एकदा म्हणाला, "आता तू कलेक्टर होतं काय वं?" ती म्हणाली, कलेक्टर नाही, पण लेकीने आज काय लिहिले ते तरी मला कळले पाहिजे.

दामिनीला काही हे समजत नव्हते, पण आईला शिकवता शिकवता तिचा स्वतःचाच अभ्यास पक्का होत होता. वच्छलाला ते पुरते ठाऊक होते.

धडा झाला की त्याच पिठात पाणी पडायचे. पीठ टाकायचे नाही हा तिचा नियम. त्या कणकेतला पहिला उंडा लहान असायचा आणि त्याची इवलीशी पोळी दामिनीला मिळायची. ज्या दिवशी जे अक्षर काढले, त्याची ती पोळी. वच्छला सांगायची, अक्षर पोटात गेले पाहिजे, मग ते कुठे जात नाही. दामिनी ते खरे मानायची. 'क्ष'च्या दिवशी तिचे पोट दुखले तेव्हा ती म्हणाली, "मले 'क्ष' नाही पचत, आई. उद्या साधा 'क' दे." ती गोष्ट पुढे वस्तीभर झाली.

मीही त्याच शाळेत शिकले. अक्षर काढताना बोट पिठातून खाली उतरून माझ्या अंगाला लागायचे. मी डोळ्यांनी नाही, स्पर्शाने शिकले. गोल फिरले तर काय, उभे ओढले तर काय, डोक्यावर रेघ दिली की शब्द संपला, हे मला हळूहळू कळू लागले. पण माझ्यात एक मोठी उणीव राहिली. अक्षर मला समजते, पण मला ते धरून ठेवता येत नाही. पाणी पडले की ते गेले.

एक दिवस वच्छला मला घासत होती. घासता घासता थांबली. काठावर बोट ठेवून ती अक्षर अक्षर पुढे सरकली. मग तिने दामिनीला हाक मारून विचारले, "हे माह्यं नाव हाय न?" दामिनी म्हणाली, हो. वच्छला पुन्हा घासायला लागली. एवढीच गोष्ट झाली. पण त्या दिवसापासून काठाची ती जागा ती जरा हलक्या हाताने घासायची.

घरात पुस्तके नव्हती. दुकानातून हळद, साखर, चहापत्ती कागदाच्या पुडीत यायची. वच्छला पुडी सोडली की कागद माझ्या उलट्या पाठीवर ठेवून हाताने सपाट करायची. संध्याकाळी पोळ्या लाटताना दामिनी तो वाचायची. जुन्या मासिकाची, वर्तमानपत्राची पाने असत ती. एखादी गोष्ट सुरू व्हायची आणि ऐन वेळी कागद फाटलेला निघायचा. "मग काय झालं असन?" वच्छला विचारायची. पुढची गोष्ट दामिनीने सांगायची. एका गोष्टीतली राणी कित्येक दिवस विहिरीच्या काठावर उभी होती, कारण मायलेकींचे तिला पुढे काय करू द्यायचे ते ठरत नव्हते. शेवटी कवडूच कंटाळून म्हणाला, "अवं, त्या बाईले घरी तरी जाऊ द्या."

असे वाढले ते लेकरू. दामिनी शिकली, मोठी परीक्षा पास झाली, मिहानमधल्या एका कंपनीत मालाचा हिशेब ठेवायच्या नोकरीला लागली. अंकित नावाच्या चांगल्या मुलाशी तिचे लग्न झाले. तो मोठ्या गाड्यांच्या कामावर असल्याने महिन्यातले बरेच दिवस परगावी असायचा. त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरला, घर घेतले. दामिनीच्या रुखवतात स्टीलच्या पराती होत्या, हलक्या आणि चकचकीत. मी वच्छलाजवळच राहिले.

काही वर्षांनी कवडू वारला. लेकीच्या घरी जाऊन राहायला वच्छला तयार नव्हती, पण गुडघे तिचे ऐकेनात. शेवटी ती गेली. एका हातात कपड्यांची पिशवी आणि कडेवर मी.

नव्या घरात माझे काही काम नव्हते. तिथल्या बेसिनमध्ये मी मावत नव्हते. स्वयंपाकाला येणारी पुष्पलता म्हणाली, ही परात उचलून माझे मनगट जाईल. मग मला वर माळ्यावर ठेवले. मी काळी पडले. एका दिवाळीला दामिनीने सहज म्हटले की हिची मोड देऊन दुसरे काही घेऊ.  वच्छला नुसती माळ्याकडे पाहत राहिली आणि दामिनीने तो विषय पुन्हा काढला नाही.

मित्रांनो, मला पुन्हा खाली उतरवले ते गुंजनने. गुंजन म्हणजे दामिनीची मुलगी. ती इंग्रजी शाळेत बालवर्गात होती आणि दोन हजार पंचवीसच्या उन्हाळ्यात पहिलीत जाणार होती. तिला इंग्रजी अक्षरे येत. मराठी तिने अजून हातात घेतले नव्हते. दामिनीला त्याची रुखरुख होती. आपल्या आईने आपल्याला कसे वाढवले हे तिला आठवायचे. पण ती सकाळी अंधार सरताच निघायची आणि संध्याकाळ उलटल्यावर यायची. लेकीला मांडीवर घेऊन पुस्तक उघडले की दुसऱ्या पानावर तिचीच मान कलायची. गुंजन तिच्या हातातले पुस्तक काढून ठेवायची.

"मी हाय न," वच्छला म्हणाली. "सुट्टीत शिकवतो तिले."

मला चिंचेने घासले. पुन्हा माझ्यात पीठ आले, पुन्हा बोट आले, यावेळी सहा वर्षांचे. गुंजनला आधी मांजरी काढायच्या असत. वच्छला एक मांजर काढू द्यायची, मग एक अक्षर. ग झाला, र झाला, म झाला, न झाला. पहिल्या पोळीचा नियमही आला. एका संध्याकाळी वच्छलाने तीन अक्षरे शेजारी शेजारी काढली. गुंजनने एकेकावर बोट ठेवले. "ग. र. म." मग पुन्हा म्हटले, आणखी पुन्हा, आणि एकदम ती तिन्ही एकत्र आली. पुष्पलताने तव्यावरची पोळी ताटात टाकली होती. गुंजनने त्या पोळीला हात लावला आणि मागे घेतला. "आजी, हे तर हेच हाय."

तिने वाचलेला तो पहिला शब्द. आणि वच्छलाच्या तोंडून तिने शिकलेला शेवटचा.

कारण त्याच आठवड्यात वच्छलाला लकवा मारला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवर निजली. तिला सगळे कळत होते. डोळे पूर्वीसारखेच होते. पण तोंडातून एकच आवाज निघायचा, आणि तो ती लाजून आवरायची.

दामिनीने तिच्या डाव्या हातात पेन दिले. पेन गळून पडले. पुन्हा दिले, पुन्हा पडले. तेव्हा दामिनी उठली, माझ्यात पीठ घेऊन आली आणि मला आईच्या मांडीवर ठेवले. वच्छलाच्या डाव्या हाताचे बोट कितीतरी वेळ पिठावर नुसते टेकलेले होते. मग ते हलले. तिने वाकडीतिकडी दोन अक्षरे काढली. दामिनीने वाकून वाचले.

"चहा."

दामिनी हसली आणि हसता हसता रडली. पुष्पलताने चहा टाकला. त्या दिवशी घरात सण असल्यासारखे वाटले.

पण मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सोमवार होता. दामिनी कामावर गेली, अंकित गाड्यांबरोबर परगावी होता. नोकरी सोडून चालणार नव्हते, कारण औषधे आणि घर दोन्ही त्या पगारावरच होते. मागे घरात तिघीच. वच्छला लिहू शकत होती, पण बोलू शकत नव्हती. पुष्पलता दुपारी यायची आणि संध्याकाळच्या पोळ्या करून जायची. तिला अक्षरओळख नव्हती. उरली गुंजन. शाळेतून आली की आजीजवळ तीच असायची. जाताना दामिनी तिला म्हणाली, "लवकर शीक, बाळा. मी नसताना आजी काय म्हणते ते तुलेच वाचावं लागन."

गुंजनने मान हलवली. तिला शिकायचे होते. पण शिकवणार कोण? वच्छला अक्षर काढायची, मग गुंजनकडे पाहून तोंड उघडायची. अक्षराचा आवाज बाहेर यायचा नाही. 'प' काढला तरी तोच आवाज, 'ख' काढला तरी तोच. मी खाली पडून सगळे ऐकत होते. मला ते अक्षर ठाऊक होते. मित्रांनो, मी पितळेची आहे, मला आवाज आहे, पण कुणी वाजवल्याशिवाय मी वाजत नाही, आणि वाजले तरी माझ्यातून 'प' निघत नाही.

दामिनीने भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. गुंजन चित्र पाहायची आणि चित्राचे नाव सांगायची, अक्षर तसेच राहायचे. मोबाइलमध्ये अक्षरे बोलून दाखवणारा खेळ होता, पण मोबाइल दामिनीबरोबर मिहानला जायचा. रविवारी मात्र तिघी माझ्याभोवती बसत. वच्छला बोट फिरवी, दामिनी आवाज देई, गुंजन म्हणे. एका अक्षराला तेव्हा दोन आया लागत होत्या. असे आणखी थोडे पुढे गेले. पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो, आणि त्यातले कितीतरी दवाखान्यात गेले.

बाकीचे दिवस ओळखण्याच्या खेळात जात. आजीने 'पंखा' लिहिले की गुंजन उशी आणायची. उशी नाही म्हटले की चादर आणायची. मग आजीच्या तोंडाचा एक कोपरा हसायचा आणि ती वर बोट दाखवायची. "आजी, आधीच दाखवायचं न," गुंजन रागे भरायची. बोटाने दाखवता येते ते सोपे होते. पण सगळेच बोटाने दाखवता येत नाही.

दिवाळीनंतरची एक दुपार मला विसरता येत नाही. थंडी सुरू झाली होती. वच्छलाने पिठात लिहिले, 'ऊन'. खिडकीत उन्हाचा पट्टा आला होता, तो खाटेच्या पायथ्यापर्यंतच पोचत होता. तिला खाट तिकडे सरकवून हवी होती. ते ऊन अंगावर घ्यायचे होते. गुंजनने न ओळखला. "न," ती म्हणाली, आणि पहिल्या अक्षराशी अडली. तिने कंगवा आणला, पाणी आणले, चष्मा आणला, देवाचा फोटो आणला. आजी खिडकीकडे पाहायची, तर गुंजनने खिडकी लावून टाकली. तेवढ्या वेळात उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला आणि गेला. वच्छलाने स्वतःच तळहाताने पीठ पुसले आणि नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. गुंजनच्या केसांत पीठ राहिले.

"मले येईन, आजी," गुंजन म्हणाली. "थोडं थांब."

मार्गशीर्ष लागला. दामिनीच्या कंपनीत मालाची मोजणी निघाली होती. ती रोज उशिरा यायची. आली की म्हणायची, भूक नाही, तिकडेच काहीतरी खाल्ले. वच्छला खाटेवरून तिच्या तोंडाकडे पाहायची. गालाची हाडे वर आली होती. आईला ते कुणी सांगावे लागत नाही.

एक दिवस दुपार कलल्यावर पुष्पलताने नेहमीसारखे माझ्यात पीठ घेतले आणि मला वच्छलाच्या मांडीवर ठेवले. आजीचे लिहून झाले की मग भिजवायची, असे तिला गुंजननेच शिकवले होते. पीठ टाकायचे नाही, हेही. या घरची रीत ती मनापासून पाळायची. ती भाजी चिरायला आत गेली.

वच्छलाने लिहायला सुरुवात केली. इतके मोठे तिने पूर्वी लिहिले नव्हते. बोट दमायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. माझ्या काठापासून काठापर्यंत एक ओळ झाली. तिने डोक्यावरची रेघही नीट ओढली. ते बोट माझ्या अंगावरून गेले, म्हणून मी सांगते. तिने लिहिले होते, 'दामिनी जेवली काय'.

मग तिने गुंजनला जवळ ओढले आणि ओळीवर बोट ठेवले. हे तसेच राहू दे, आई येईपर्यंत ठेव, असे तिला म्हणायचे होते. गुंजन वाकली. "यात म हाय," ती म्हणाली. "न पण हाय. बाकीचं नाही येत, आजी." तिने आणखी एकदा पाहिले. मग तिला वाटले, आजचा धडा मोठा आहे.

पुष्पलता हात पुसत बाहेर आली. तिला अजून दोन घरी जायचे होते. "झालं काय वं आजीचं?"

"झालं," गुंजन म्हणाली.

पुष्पलताने मला उचलायला हात घातला. वच्छलाने डाव्या हाताने माझा काठ धरला. जिथे तिचे नाव आहे, नेमका तिथेच. तिने घट्ट धरले होते. तो एक आवाज तिच्या तोंडून निघाला, आणि यावेळी तिने तो आवरला नाही. पुष्पलता प्रेमाने हसली. "राहू द्या आजी, भिजवतो मी. तुम्ही काहून तकलीफ करता?" तिने वच्छलाची बोटे एकेक करून हळूच सोडवली आणि मला आत नेले.

मित्रांनो, मी त्या वेळी काय करणार होते? मी जड झाले असते तर बरे झाले असते. मी पडून मोठा आवाज केला असता, पीठ सांडले असते, तरी ते सगळ्यांनी पाहिले असते. पण परात आपण होऊन पडत नाही. माझ्यात पाणी पडले. आधी 'काय' भिजले, मग 'जेवली'. शेवटी 'दामिनी'. पुष्पलताचा हात चांगला आहे, तिने कणीक मऊ भिजवली. जाण्याआधी तिने पोळ्या करून डब्यात ठेवल्या, वर ती लहान पोळी.

दामिनी आली तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता. तिने पिशवी ठेवली, आईच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाली, मला भूक नाही. गुंजनने डबा उघडला आणि लहान पोळी काढली. ती रोज तिची स्वतःची असायची. पण तिला ते सगळे वाचता आले नव्हते, म्हणून आपण ती खाऊ नये असे तिने ठरवले होते.

"आई, आजची तू खा. मले नाही आलं वाचता."

"कोणतं अक्षर होतं?"

"लय सारे होते. अख्खी लाइन होती."

दामिनी हसली. "बापरे, मंग तर पचणार नाही." पण लेकीने पोळी तोंडाजवळच धरली, तेव्हा तिने घास घेतला. एक घास गेल्यावर तिला आपली भूक कळली. तिने भाजी वाढून घेतली, आणखी दोन पोळ्या घेतल्या आणि आईच्या खाटेजवळ खालीच बसून ती जेवली. वच्छला शेवटच्या घासापर्यंत तिच्याकडे पाहत होती. मग तिने डोळे मिटले.

सकाळी दामिनीने चहासाठी हाक मारली, तेव्हा ती उठली नाही.

मी पुन्हा माळ्यावर गेले नाही, आता ओट्याखाली असते. संध्याकाळी दामिनी कितीही दमून आली तरी कणीक तीच भिजवते आणि त्याआधी गुंजन माझ्यात लिहिते. परवा गुंजनने माझ्या काठावरचे नाव वाचले. जोडाक्षराशी थांबली, मग पुढे गेली. "वच्छला. आई, हे तर आजी हाय." नंतर तिने विचारले, त्या दिवशी आजीने काय लिहिले होते? दामिनी म्हणाली, माहीत नाही बाळा. आणि ती पोळी लाटत राहिली.

मला माहीत आहे. मी तिथेच होते. पण मी परात आहे.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला विनवते. तुमच्या घरात जी माणसे आहेत, ती ज्या अक्षरांत लिहितात, ती अक्षरे लवकर शिका. शाळेची वाट पाहू नका, सुट्टीची पाहू नका. आईला वेळ नसेल तर तिच्या हातात पीठ असताना तिच्याजवळ जाऊन बसा आणि एक अक्षर मागून घ्या. आणि आयांनो, तुम्हाला येत नसेल तर लेकराकडून शिका, त्यात कमीपणा नाही. माझ्यासारख्या भांड्याला सगळे कळून काही उपयोग नसतो. वाचायला माणूसच लागते, आणि ते वेळेवर लागते.

वच्छला कवडू भोयर हुडकेश्वरला लेकीच्या घरी वारली. साल दोन हजार पंचवीस, महिना मार्गशीर्ष, वेळ सकाळची.